सहा डेसिबल कुठून आले?

सिग्नल जनरेटर ० डीबीएमवर ठेवला होता. डीबीएम म्हणजे १ मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये सांगितलेली पॉवर, म्हणून ० डीबीएम म्हणजे १ मिलिवॅट; ५० ओहमवर त्याचे २२४ मिलिव्होल्ट आरएमएस (लाटेचं परिणामी व्होल्टेज), शिखर ते शिखर साधारण ०.६३ व्होल्ट. लाट पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर मात्र १.२६ व्होल्ट! बरोबर दुप्पट.

पहिली चूक हिशेबातच झाली. दुपटीचा लॉग ०.३, गुणिले १०, म्हणजे ३ डेसिबल असं धरलं आणि त्या ३ डेसिबलच्या मागे अख्खी दुपार घालवली. केबल बदलली, जनरेटरही बदलला. पण दहाने गुणायचं ते पॉवरच्या गुणोत्तराला. पॉवर व्होल्टेजच्या वर्गावर चालते, त्यामुळे रोध सारखाच असेल तर व्होल्टेजला वीसने गुणायचं. म्हणजे फरक ६ डेसिबलचा होता, आणि हा आकडा दिसला की माझं लक्ष आता आधी टर्मिनेशनकडे, म्हणजे केबलच्या टोकाला जोडलेल्या रोधाकडे जातं.

झालं होतं तेच. स्कोपचा इनपुट १ मेगाओहमवर होता. जनरेटरच्या आत स्वतःचा ५० ओहमचा रोध असतो. बाहेरही ५० ओहम जोडले की व्होल्टेज निम्मं वाटलं जातं, आणि पडद्यावरचा डीबीएमचा आकडा हे धरूनच लिहिलेला असतो. बाहेर लोडच नसेल (१ मेगाओहम म्हणजे जवळजवळ तसंच) तर सगळं व्होल्टेज स्कोपवर दिसतं. स्कोपच्या तोंडाशी टी-कनेक्टर लावून त्यावर ५० ओहमचा टर्मिनेटर बसवला. लाट डोळ्यांदेखत खाली आली : ०.६३.

डीबी म्हणजे डेसिबल हे नुसतं गुणोत्तर, डीबीएम ही प्रत्यक्ष पॉवर. म्हणून ० डीबीएममध्ये २० डीबीचा अ‍ॅटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा भाग) घातला की उत्तर -२० डीबीएम येतं. दोन डीबीएम मात्र एकमेकांत मिळवायचे नाहीत. ० डीबीएम अधिक ० डीबीएम, म्हणजे १ मिलिवॅट अधिक १ मिलिवॅट, म्हणजे २ मिलिवॅट, अर्थात ३ डीबीएम.