पोशची तक्रार: कशी लिहायची, कुठे द्यायची, काय जोडायचं

शेवटची घटना घडली त्या दिवसापासून तीन महिने. कामाच्या ठिकाणी झालेल्या लैंगिक छळाची लेखी तक्रार करायला २०१३ च्या कायद्याने एवढीच मुदत दिली आहे. ऑफिसात सगळे ज्याला नुसतं 'पोश' म्हणतात तोच हा कायदा. खरं कोण, खोटं कोण हा प्रश्न पुढचा. तारीख उलटली तर तक्रारीची चौकशी करणारी समिती त्या प्रश्नापर्यंत पोचतच नाही. म्हणून आधी कॅलेंडर उघडा.

प्रकार एकदाच घडला असेल तर त्या तारखेपासून मोजा, पुन्हा पुन्हा घडला असेल तर शेवटच्या घटनेपासून. शेवटचा प्रकार १४ जूनचा असेल तर १४ सप्टेंबरच्या आत अर्ज पोचला पाहिजे. मध्ये गणपती आले, नोटीस पीरियड सुरू झाला, म्हणून मुदत वाढत नाही. उशीर झालाच तर समिती कारणं लेखी नोंदवून आणखी जास्तीत जास्त तीन महिने देऊ शकते. त्यासाठी मूळ अर्जासोबत विलंबमाफीचा वेगळा अर्ज जोडा. आजारपण असो, धमकी असो की ऑफिसात समितीच नसणं असो, जे कारण असेल ते तारखांसह आणि हाताशी असलेल्या कागदांसह लिहा. सहा महिन्यांनंतर समितीलाही काही करता येत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्राध्यापिकेची तक्रार याच कारणाने मुदतबाह्य धरली. आपल्याला नंतर पदावरून दूर केलं तोही छळाचाच भाग, असं तिचं म्हणणं होतं. न्यायालयाने ती वेगळी प्रशासकीय कारवाई मानली. तेव्हा नंतर अप्रेझल बिघडलं किंवा बदली झाली तर मुदत नव्याने सुरू होईल, असं धरून चालू नका.

नोकरी सोडली तरी तक्रारीचा हक्क जात नाही. कंत्राटी, रोजंदारी, प्रशिक्षणार्थी, बिनपगारी इंटर्न या सगळ्यांना तो आहे. साइटवर, कंपनीच्या गाडीत, कामासाठी गेलेल्या गावी घडलेला प्रकारही 'कामाच्या ठिकाणी'च धरला जातो.

अर्ज कुणाच्या नावे

दहा किंवा अधिक माणसं काम करत असतील तर मालकाने अंतर्गत तक्रार समिती नेमलीच पाहिजे. नेमली नाही तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. समितीची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्रीच हवी, निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत, आणि एक सदस्य बाहेरची, स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतली किंवा या विषयाची जाण असलेली व्यक्ती असावी लागते. सदस्यांची नावं ऑफिसात ठळक जागी लावणं बंधनकारक आहे. फलक नसेल तर एचआरला 'समितीच्या सदस्यांची नावं व ईमेल कळवा' एवढंच एका ओळीत विचारा. कारण सांगायची गरज नाही. हा ईमेल आणि त्याचं उत्तर, किंवा उत्तर न येणं, दोन्ही जपून ठेवा.

दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जातो. पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात मिळतो. घरकाम करणाऱ्या बायकांची तक्रारही इथेच. त्यात प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर समितीने सात दिवसांत ते प्रकरण पोलिसांकडे पाठवायचं असतं. केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवरूनही तक्रार टाकता येते. ती संबंधित समितीकडेच वळती होते.

साहेबांना तोंडी सांगणं, एचआरला व्हॉट्सअॅप करणं, 'बघतो आम्ही' हे उत्तर ऐकून थांबणं, यातली एकही गोष्ट तक्रार धरली जात नाही. अर्ज लेखी आणि समितीच्या अध्यक्षांच्या नावेच हवा. लिहिता येत नसेल तर लिहून घ्यायला मदत करणं हे समितीचं कर्तव्य आहे. भाषेची अट कायद्यात नाही. मराठीत विचार येत असतील तर मराठीतच लिहा. मोडक्या इंग्रजीत नेमका तपशील सांडतो.

लिहिण्याआधी पुरावे गोळा करा

सगळ्यात आधी सीसीटीव्ही. बहुतेक ठिकाणी जुनं रेकॉर्डिंग ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं. अर्ज तयार व्हायला वेळ लागणार असेल तर त्याआधीच समितीला दोन ओळींचं पत्र द्या: अमुक तारखेचं, अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंतचं, अमुक कॅमेऱ्याचं फुटेज राखून ठेवावं. 'सगळं फुटेज' मागू नका. नेमकं अर्ध्या-पाऊण तासाचं मागा. साक्षीदार बोलावण्याचे आणि कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार समितीला आहेत, पण पुसलेलं फुटेज तीही परत आणू शकत नाही.

मेसेजचा स्क्रीनशॉट घेताना वरचा नंबर आणि तारीख दिसली पाहिजे. नाव सेव्ह असेल तर कॉन्टॅक्ट उघडून नंबरचाही एक स्क्रीनशॉट घ्या. नंतर पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःच्या खासगी ईमेलवर पाठवा. डिसअपिअरिंग मेसेज चालू असतील तर आजच. मूळ मेसेज फोनमध्येच राहू द्या, फोन बदलू किंवा फॉरमॅट करू नका.

इथे एक चूक फार महागात पडते. स्वतःची उत्तरं पुसून टाकणं. रात्री अकराला साहेबांचा मेसेज आला आणि तुम्ही घाबरून हसरी इमोजी टाकली, 'ओके सर' लिहिलं, तर ते तसंच ठेवा आणि अर्जात स्वतःहून सांगा: 'माझं प्रोबेशन सुरू होतं, ते थेट माझे रिपोर्टिंग अधिकारी होते, म्हणून मी सरळ नकार दिला नाही.' हे तुमच्या अर्जात आधीच असेल तर त्याला वजन येतं. तेच समोरच्याने उलटतपासणीत काढलं तर लपवाछपवी वाटते.

ऑफिसच्या लॅपटॉपवर किंवा ईमेलवर काही ठेवलं असेल तर लक्षात ठेवा, राजीनाम्याच्या किंवा निलंबनाच्या दिवशी तो प्रवेश बंद होतो. तुम्हाला आलेले मेसेज आणि ईमेल यांच्या प्रती वेळेत घ्या. पण कंपनीच्या ग्राहकांची यादी, दर, करार अशा फायली घरी पाठवू नका. मूळ विषय बाजूला पडतो आणि गैरवर्तनाची नोटीस तुमच्याच हातात येते.

घटनेचा परिच्छेद

सुरुवातीला तुमचं नाव, हुद्दा, विभाग, रुजू झाल्याची तारीख. मग ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचं नाव, हुद्दा, आणि तुमचं त्याच्याशी कामाचं नातं: तो तुमचा वरिष्ठ आहे, बरोबरीचा आहे की ग्राहक. तो दुसऱ्या कंपनीचा किंवा खात्याचा असला तरी तुमच्याच ऑफिसच्या समितीकडे तक्रार करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं आहे.

नंतर घटना, तारखेच्या क्रमाने, प्रत्येकीला क्रमांक देऊन. बहुतेक अर्ज इथेच ढिले पडतात. 'साहेबांची नजर चांगली नाही, ते नेहमी घाणेरडं बोलतात, त्यांनी माझं जगणं नकोसं केलं' यातलं प्रत्येक वाक्य खरं असेल, पण समितीला त्यावर एकही प्रश्न विचारता येत नाही. त्याऐवजी असं लिहा:

'घटना २. दि. ३ जून २०२५, मंगळवार, संध्याकाळी ६.४० च्या सुमारास. दुसऱ्या मजल्यावरच्या रेकॉर्ड रूममध्ये मी मार्चच्या बिलांची फाइल काढत होते. श्री. अ. ब. क. आत आले व त्यांनी दार लोटलं. माझ्या पाठीमागे उभं राहून त्यांनी उजवा हात माझ्या कमरेवर ठेवला व म्हणाले, "कन्फर्मेशनचं माझ्याच हातात आहे, जरा समजून घे." मी हात झटकला व बाहेर आले. फाइल तिथेच टेबलावर राहिली. बाहेर शिपाई बसले होते. त्यांनी मला विचारलं, काय झालं. ६.५२ ला मी माझ्या बहिणीला फोन केला. कॉल लॉगचा स्क्रीनशॉट, परिशिष्ट ४.'

यातला प्रत्येक तपशील कशाला तरी बांधलेला आहे. फाइल टेबलावर राहिली हे दुसरं कोणी सांगू शकतं. शिपाई साक्षीदार. फोनची वेळ मोबाइल कंपनीकडून पडताळता येते. आणि 'कन्फर्मेशन' हा शब्द सगळ्यात मोलाचा, कारण नोकरीतल्या फायद्याचं आमिष किंवा नुकसानीची धमकी लैंगिक वर्तनाशी जोडलेली असेल तर कायदा त्याचा वेगळा उल्लेख करतो. समोरच्याचे शब्द जसेच्या तसे लिहा. शिवी असेल तर शिवी लिहा. 'अश्लील भाषा वापरली' असं लिहिलं की नेमका पुरावाच झाकला जातो. लिहिताना हात अडखळतो हे खरं, पण सुनावणीत तेच शब्द विचारले जाणार आहेत आणि अर्जात नसलेलं वाक्य तिथे पहिल्यांदा आलं तर 'हे नंतर सुचलं' म्हणायला वाव मिळतो.

तारीख आठवत नसेल तर अंदाजाने ठोकून देऊ नका. हजेरीचा मस्टर, कॅबचं बिल, मीटिंगचं निमंत्रण, त्या दिवशीचा यूपीआयचा मेसेज यांवरून शोधा. तरीही सापडली नाही तर 'मे २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात, ऑडिट सुरू असताना' असं प्रामाणिकपणे लिहा. चुकीची नेमकी तारीख ही खऱ्या अंदाजापेक्षा वाईट: त्या दिवशी तो रजेवर निघाला तर बाकीच्या अर्जावरही शंका येते.

पगारवाढ, ओव्हरटाइम, कामाचं वाटप ही गाऱ्हाणी याच अर्जात मिसळू नका. नकार दिल्यानंतर हे सुरू झालं असेल तरच, आधी काय होतं आणि नंतर काय झालं, तारखांसह लिहा.

शेवटी साक्षीदारांची नावं व पत्ते, परिशिष्टांची यादी, आणि तुमची मागणी. अर्ज कागदपत्रांसह सहा प्रतींत द्यायचा असतो. सातवी प्रत स्वतःची. तिच्यावर आवक क्रमांक, तारीख आणि सही-शिक्का घ्या. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि त्याच दिवशी अध्यक्षांना ईमेल करा.

चौकशी चालू असतानाची सोय

याची मागणी अर्जासोबतच करा, कारण मागितल्याशिवाय ती मिळत नाही. तुमची किंवा त्याची बदली, हक्काच्या रजेखेरीज तीन महिन्यांपर्यंत रजा, आणि त्याने तुमचं कामाचं मूल्यमापन किंवा गोपनीय अहवाल लिहू नये, ते दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावं, एवढं कायद्यात आणि नियमांत स्पष्ट आहे. तिसरी मागणी बहुतेकजणी विसरतात आणि मार्चमध्ये त्याच माणसाच्या सहीचं अप्रेझल हातात येतं. स्वतःची बदली मागण्याआधी विचार करा. गैरसोय तुमचीच का व्हावी? त्याची बदली मागता येते.

समितीने सात कामकाजाच्या दिवसांत तक्रारीची प्रत त्याला द्यायची, त्याने दहा कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचं, आणि चौकशी ९० दिवसांत संपवायची. सुनावणीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य हवेत. वकील दोघांनाही आणता येत नाही. सलग तीन सुनावण्यांना सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिलात तर १५ दिवसांची लेखी सूचना देऊन समिती तुमची तक्रार बंद करू शकते. येता येणार नसेल तर आधी लेखी कळवा. तुमचा जबाब वाचूनच सही करा, 'मी असं म्हटलं नव्हतं' हे सही करण्याआधी सांगा, आणि प्रत मागा.

त्याला बाजू मांडायला पुरेसा वेळ मिळतोय म्हणून चिडू नका. गोवा विद्यापीठातल्या २००९ च्या तक्रारींत समितीने सुनावण्या घाईघाईत उरकल्या आणि त्या आधारावर ज्याच्याविरुद्ध तक्रारी होत्या त्या प्राध्यापकाची बडतर्फी झाली. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द करून प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवलं. चौदा वर्षांनी, तक्रारदार मुलींचा काहीही दोष नसताना.

समेट फक्त तुम्ही मागितलात तरच, चौकशी सुरू होण्याआधी, आणि पैशांच्या मोबदल्यात कधीच नाही. 'आपसात मिटवा' असा आग्रह समितीनेच धरला तर नकार लेखी द्या. दुसरी भीती घातली जाते ती खोट्या तक्रारीच्या शिक्षेची. आरोप सिद्ध झाला नाही एवढ्यावरून शिक्षा होत नाही, हे कायद्यातच लिहिलं आहे. जाणूनबुजून खोटं बोलल्याचं वेगळ्या चौकशीत सिद्ध व्हावं लागतं. मात्र तक्रारीचा मजकूर, नावं, चौकशीचं कामकाज सोशल मीडियावर टाकू नका, त्याला कायद्याने बंदी आहे.

पोलिसांत जायचं असेल तर समितीच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ७५ लैंगिक छळाचं, ७८ पाठलागाचं. दोन्ही वाटा एकाच वेळी चालू ठेवता येतात आणि गुन्हा नोंदवायला तुम्हाला मदत करणं मालकावर बंधनकारक आहे.

चौकशी संपल्यावर दहा दिवसांत अहवाल मालकाकडे जातो आणि तो दोन्ही बाजूंना मिळायला हवा. शिफारशींवर मालकाने ६० दिवसांत कारवाई करायची असते. ६१ व्या दिवशी 'काय कारवाई केली ते कळवावं' असा ईमेल पाठवा. निकाल मान्य नसेल, किंवा शिफारस अमलात आली नसेल, तर अपिलाची मुदत ९० दिवस. ती शिफारशीच्या तारखेपासून मोजली जाते. पाकीट तुम्हाला उशिरा मिळालं असेल तर पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का अहवालाला टाचून ठेवा.