राजीनामा मागितला जाण्याआधी: पाळकांनी काय ओळखावं, काय करावं

पाळकाला, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूला, काढलं, असं कुणी म्हणत नाही. ‘साहेबांनी स्वतःहून राजीनामा दिला’ एवढंच वार्षिक सभेत वाचून दाखवतात. त्याआधी दोन-तीन घरांत चहा होऊन सगळं ठरलेलं असतं, कारण मागाहून शोधलेलं असतं. त्यामुळे खालच्या बहुतेक पायऱ्या वाद पेटण्याच्या बऱ्याच आधीच्या आहेत. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगतो. आरोप पैशांच्या अफरातफरीचा किंवा लैंगिक गैरवर्तनाचा असेल तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. तिथे खुर्ची सांभाळायची नसते, चौकशीला सामोरं जायचं असतं.

निर्णय आधी आणि कारण नंतर, याचा नमुना म्हणजे जोनाथन एडवर्ड्स. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थॅम्प्टन गावचे हे पाळक. १७३४-३५ मध्ये त्यांच्या उपदेशाने गावात मोठी धार्मिक जागृती झाली होती. २३ वर्षांच्या सेवेनंतर, २२ जून १७५० रोजी, त्याच मंडळीने (चर्चच्या सभासदांच्या समूहाने) त्यांना मोकळं केलं. आसपासच्या मंडळ्यांच्या प्रतिनिधींचा कौल १० विरुद्ध ९ असा निसटता होता. खुद्द सभासदांत मात्र त्यांच्या बाजूने अवघे २३ हात वर झाले आणि विरोधात दोनशेच्या वर. कागदावरचं कारण होतं प्रभुभोजनाला (चर्चमधल्या भाकरी-द्राक्षरसाच्या विधीला) कुणाला घ्यावं हे. पण तोवर बरंच काही साचलं होतं.

पहिली पायरी: तुम्हाला काढायचा अधिकार कुणाकडे आहे ते वाचून ठेवा. हे बहुतेक पाळकांना वाद सुरू झाल्यावर कळतं. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात नेमणूक आणि बदली बिशपांकडून होते. पास्टोरेट कमिटी, म्हणजे स्थानिक चर्चची कारभारी समिती, परस्पर काढू शकत नाही, म्हणून तिथे दबाव येतो तो सह्यांच्या अर्जातून आणि ‘बदली करून घ्या’ अशा सल्ल्यातून. मंडळीनेच पाळक बोलवायचा आणि मंडळीनेच सोडायचा, ही एडवर्ड्स यांच्या मुलखातली रीत. १८१३ मध्ये मुंबईत आलेलं अमेरिकन मराठी मिशन त्याच परंपरेतलं. आजच्या अनेक स्वतंत्र मंडळ्याही साधारण याच पद्धतीने चालतात. त्यातल्या कित्येक धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या असतात. न्यासपत्र मागून घ्या. विश्वस्त कोण आहेत, सभेची नोटीस किती दिवस आधी द्यायची, गणसंख्या किती, हे पाहून ठेवा.

दुसरी पायरी: येतानाच लेखी करार करा. पगार, प्रवासखर्च, मुलांच्या शिक्षणाची मदत, सुट्टी, पार्सनेज (पाळकाला दिलेलं घर) किती दिवसांत रिकामं करायचं, दोन्ही बाजूंनी किती महिन्यांची नोटीस, सगळं त्यात यावं. ‘आपल्या माणसात कशाला कागद?’ असं म्हणणारे प्रेमाने म्हणतात. पण कमिटी बदलते, आणि नव्या कमिटीला ते प्रेम वारशात मिळत नाही. एडवर्ड्स यांचा पगार वर्षानुवर्षं गावसभेत ठरायचा. त्यावरून कुरबूर व्हायची, घरखर्चावर आणि कपड्यांवर लोक बोलायचे. शेवटी त्यांनी कायमचा पगार ठरवून मागितला, तेव्हा तीही तक्रारच धरली गेली. पाळकाच्या घरच्या पाकिटाची चर्चा दरवर्षी होऊ देऊ नये.

तिसरी पायरी: खुणा ओळखा. उघड भांडण ही फार उशिराची खूण आहे. त्याआधी मिटिंगचा अजेंडा तुम्हाला दाखवेनासे होतात. ‘लोक म्हणतात’ सुरू होतं, पण लोक म्हणजे कोण ते सांगत नाहीत. ठरलेल्या घरचं लग्न लावायला बाहेरचा पाळक येतो. बुधवारची प्रार्थनासभा ओस पडते आणि त्याच संध्याकाळी एका सभासदाच्या घरी वेगळी सभा भरते. नियमित दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) देणारं कुटुंब न सांगता थांबतं. पगार ‘या महिन्यात जरा उशिरा’ होतो. उपदेशावरची टीका पाळकीणबाईंच्या साडीवर आणि मुलांच्या मार्कांवर घसरली, की समजावं, मुद्दा आता मुद्द्याचा राहिलेला नाही.

यातली एखादी खूण दिसली म्हणून घाबरू नका, पगार खरोखरच वर्गणी न आल्यानेही उशिरा होतो. तीन-चार एकदम दिसल्या, तर त्या आठवड्यातच हालचाल करा.

चौथी पायरी: भेटायला जा, एकेकाला. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायातला क्रम आपण मंडळीला शिकवतो: आधी एकांतात, मग एक-दोन साक्षीदार घेऊन, मग मंडळीपुढे. स्वतःवर वेळ आली की मात्र आपण थेट पुलपिटावरून (उपदेशाच्या व्यासपीठावरून) उत्तर देतो. पुलपिटावरून टोमणा कधीही मारू नका. समोरच्याला तिथे उलट बोलता येत नाही, म्हणून तो बाहेर जाऊन दहा जणांशी बोलतो. १७४४ मध्ये गावातली काही तरुण मुलं सुईणींसाठी लिहिलेलं पुस्तक वाचून मुलींना छेडत होती. एडवर्ड्स यांनी चौकशीसाठी नावांची यादी चर्चमध्ये जाहीर वाचली. आरोपी कोण आणि साक्षीदार कोण, हा फरक केला नाही. चांगल्या चांगल्या घरांची नावं एका दमात घेतली गेली आणि ती घरं तुटली ती तुटलीच. माझ्या मते त्यांची हकालपट्टी त्या दिवशीच सुरू झाली.

भेटीत बचाव करू नका. ‘माझ्याकडून काय राहिलं?’ एवढं विचारून ऐका. आजारपणात भेटायला न गेल्याचा राग वर्षानुवर्षं टिकतो, उपदेश लांबल्याचा एवढा टिकत नाही.

पाचवी पायरी: पैशाला एकट्याने हात लावू नका. अर्पण दोघांनी मोजावं, दोघांनी सही करावी, बँकेत खजिनदाराने भरावं. बाहेरून आलेली देणगी स्वतःच्या खात्यात एक दिवसही ठेवू नये.

सहावी पायरी: एकाच वजनदार माणसावर भिस्त नको. एडवर्ड्स यांचे मामा कर्नल जॉन स्टॉडर्ड हे गावातलं मोठं प्रस्थ आणि त्यांचा मोठा आधार. ते १७४८ मध्ये वारले आणि दोन वर्षांत सगळं संपलं. कमिटीबाहेरचे दोन-तीन अनुभवी पाळक मित्र हवेत, ज्यांना तुम्ही चुकताय हे तोंडावर सांगता येईल. वर्षातून एकदा कमिटीसोबत बसून कामाचा लेखी आढावा घ्या. तक्रार असेल तर ती तिथेच, नावासकट यावी. बायबलच्या १ तीमथ्य ५:१९ मध्ये मंडळीच्या वडिलांवरचा (पुढाऱ्यांवरचा) आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय घेऊ नये असं सांगितलं आहे. ते कमिटीलाही शांतपणे वाचून दाखवायला हरकत नाही.

आणि तरीही राजीनामा मागितलाच तर? त्या संध्याकाळी सही करू नका. टाईप केलेला कागद पुढे सरकवला, तरी ‘मला वेळ हवा’ म्हणून उठा. मागणी लेखी द्या म्हणावं. ठराव कोणत्या सभेत झाला आणि मिनिट बुकात काय लिहिलंय, तेही विचारा. पुढच्या बैठकीला एक साक्षीदार न्या, बिशपांना किंवा मंडळ्यांच्या संघाला कळवा, कागद वकिलाला दाखवा. सभासदांना फोन करून आपला गट बांधू नका. मंडळी फुटली तर जिंकलेला पाळकही तिथे टिकत नाही.

जायचंच ठरलं, तर थकलेला पगार, पुढच्या काही महिन्यांची रक्कम, मुलांचं शाळेचं वर्ष संपेपर्यंत घर आणि शिफारसपत्र, हे सगळं सहीच्या आधी कागदावर घ्या. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्या, चाव्या आणि बँकेची कागदपत्रं यादी करून सोपवा, आणि त्या यादीवर सेक्रेटरीची तारखेसह सही घेऊन एक प्रत स्वतःकडे ठेवा.