जुनी एमजी टीसी हाती लागलीय? रंग खरवडण्याआधी या चुका टाळा

आमच्या बेळगाव-निपाणी भागात एखाद्या वाड्याच्या पडवीत जुनी विलायती गाडी सापडली की तिच्याबरोबर एक गोष्ट फुकट मिळते. "राजेसाहेबांची गाडी हाय की ही, रेसला पळायची!" सांगणारा कोल्हापूरकडचा असला तर कोल्हापूरचे राजेसाहेब, नाहीतर सांगलीचे, सावंतवाडीचे, जमखंडीचे. गोष्ट दरवेळी खोटी असते असं नाही. पण तिच्यासाठी जादा पैसे मोजण्याआधी सालं जुळवून बघा.

एमजी टीसी ही दोन सीटांची विलायती स्पोर्ट्स गाडी इंग्लंडात अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९४५ ते १९४९ या काळात बनली, साधारण १०,०००. सांगली संस्थान मार्च १९४८ मध्ये विलीन झालं, कोल्हापूर मार्च १९४९ मध्ये. म्हणजे संस्थानी नोंदणीची टीसी असायला जेमतेम दोन-तीन वर्षांची फट उरते. त्यात शहापूर तेव्हा सांगलीकरांचं आणि त्याला लागून असलेलं बेळगाव इंग्रजांचं. मालक कुठल्या गल्लीत राहायचा, यावरसुद्धा कागद कुठल्या दप्तरात शोधायचा ते ठरतं. "आजोबांनी १९३८ ला आणली" असं कुणी म्हणत असेल तर ती दुसरी कुठली तरी एमजी असेल, टीसी नव्हे. चॅसिस नंबरही वाचा. कारखान्याचा फोन नंबर २५१ होता, म्हणून टीसीची मोजणी ०२५१ पासून सुरू केली. त्याहून लहान आकडा दिसला तर तो नंबर अ‍ॅबिंग्डनमध्ये ठोकलेला नाही.

रेसचंही तसंच. शोलावरम म्हणजे मद्रासजवळची महायुद्धातली धावपट्टी, आणि तिथे रेस भरवणारा मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ सालचा. "१९४८ ला शोलावरमला पहिली आली" हे वाक्य ऐकलं की मी चहा संपवतो आणि उठतो. खरी पळालेली गाडी अंगावर खुणा बाळगून असते. रंगाच्या थराखाली नंबरचा गोल सापडतो, स्कटलवर (बॉनेट आणि डॅशबोर्डमधल्या पत्र्यावर) छोट्या काचांसाठी पाडलेली आणि नंतर बुजवलेली भोकं दिसतात, कॉम्प्रेशन वाढवायला घासून पातळ केलेलं सिलिंडर हेड निघतं. फोटो मिळाला तर सोन्याहून पिवळं, पण फोटोतली गाडी हीच कशावरून, ते या खुणाच सांगतात.

इथे माझीच चूक सांगतो. पहिल्या गाडीची बॉडी मी एका गॅरेजात देऊन आलो आणि संध्याकाळी गेलो तर मिस्त्री डाव्या दरवाजावर होते. "खाली पांढरा गोल होता बघा मालक, आत सात की एक, कायतरी," असं म्हणत त्यांनी हाताने हवेत गोल काढून दाखवला. पत्रा लख्ख निघाला होता. फोटो कुणीच काढला नव्हता. तेव्हापासून मी दरवाजा, बॉनेट आणि मागच्या टाकीवर बोटभर चौकोन पॉलिशपेपरने थराथराने घासतो, प्रत्येक थराचा फोटो घेतो आणि मगच गाडी मिस्त्रींच्या हवाली करतो.

इंजिन बदलण्याची घाई तर करूच नका. टीसीचं १२५० सीसीचं एक्सपीएजी इंजिन पुढच्या टीडी मॉडेलमध्येही होतं, त्यामुळे टीसीत टीडीचं इंजिन बसवलेलं बरेचदा आढळतं. नंबरात 'एक्सपीएजी/टीडी' दिसलं की ओळखायचं. तेही परवडलं, पण मारुतीचं इंजिन टाकलं तर कागदाचाही घात होतो. विंटेज गाड्यांच्या २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि चॅसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडीच त्यात बसते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. नेहमीच्या वापराला मात्र ती रस्त्यावर आणता येत नाही.

कागदांचा घोळ आपल्या भागात जरा जास्तच. १९५६ च्या आधी नोंदलेली बेळगावची गाडी मुंबई राज्याची. त्या नोव्हेंबरात ती पडवीत उभ्या-उभ्या म्हैसूर राज्याची झाली आणि १९७३ ला कर्नाटकाची. (माणसांचं जे झालं तेच गाडीचं, असो.) म्हणून जुनं आरसी पुस्तक वाळवीने खाल्लेलं असलं तरी फेकू नका. मूळ मालक वारला असेल तर आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करून घ्या, मग खरेदी. नातवाच्या स्टॅम्पपेपरवर विसंबून गाडी कोल्हापूरला नेलेले आणि ना हरकत दाखल्याविना अडकलेले दोघं माझ्या ओळखीचे आहेत.

दरवाजा लोंबकळतोय म्हणून बिजागरी हलवणं ही आणखी एक नेहमीची चूक. टीसीच्या पत्र्याखाली अ‍ॅश लाकडाचा सांगाडा असतो. आमच्या पावसात तो दरवाजाच्या खांबाशी कुजतो आणि वेल्डरने ठिणगी टाकली तर आतून धुमसतो. कुजलेला तुकडासुद्धा जपून काढा, तोच नव्याचा फर्मा. सागवान चालतं, माझी हरकत नाही. फक्त काम फर्निचरवाल्या सुताराला देऊ नका. उद्यमबागेत फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न बनवणारे कारागीर आहेत, त्यांचा हात मिलिमीटरवर चालतो.

नटबोल्टांचं एक वेड लक्षात ठेवा. या इंजिनाचे आटे मेट्रिक, पण बोल्टांची डोकी व्हिटवर्थ म्हणजे जुन्या इंग्रजी मापाच्या पान्ह्याची. ८ मिलिमीटरच्या बोल्टाचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, इथे १ मिलिमीटर, दुकानातल्या बोल्टाचा १.२५. दोन फेरे सरळ जातात, तिसऱ्याला जोर लावलात की ब्लॉकचे आटे गेले. चाकांच्या मधल्या नटांचे आटे डावीकडे उजवे आणि उजवीकडे डावे असतात. हब उलटसुलट बसले तर नट चालता-चालता सैल होतो, आणि चोर्ला घाटात ते कळायला नको.

आता पेट्रोल. पंपावरच्या ई२० मधलं इथेनॉल आपल्याच उसाचं असलं तरी जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही, नळ्या आधी बदला. इग्निशन दिल्यावर पेट्रोल ओढणारा विजेवरचा एसयू पंप टकटक करून थांबायला हवा. इंजिन बंद असताना टकटक चालूच राहिली तर कार्ब्युरेटरमधली फ्लोटची सुई गळतेय किंवा पंपाची झडप. पंप भराभर वाजतोय पण पेट्रोल येत नाही, तर कुठेतरी हवा ओढतोय. एकदा मी यावर अख्खी दुपार घालवली होती, टाकी रिकामी होती.