जत्रेला निघताना वायरींची पिशवी

तुळशीची लग्नं लागली की सिंधुदुर्गात जत्रा सुरू होतात आणि माझ्या रात्री घराबाहेर जातात. मी दशावताराचं, म्हणजे जत्रेत रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्याचं, रेकॉर्डिंग करते. रत्नागिरीहून गाडीने कुडाळ, पुढे एसटी किंवा रिक्षा. देवळापाशी पोचेपर्यंत दिवेलागण झालेली असते. पाठीवर रेकॉर्डर, दोन माइक, त्यांच्या ५-५ मीटरच्या दोन केबल, हेडफोन, पॉवर बँक, चार्जर, एक्स्टेन्शन बोर्ड.

एका जत्रेत पखवाजावर थाप पडली, पेटीचा सूर लागला आणि माझ्या हातात वायरींचं कडबोळं. ते सुटेपर्यंत गणपती येऊन गेला होता, सरस्वतीही निघाली होती. पुढच्या वर्षी त्या पेटीवर दुसरा माणूस बसला होता. आधीच्या बुवांचा तो सूर माझ्याकडे नाही, याचं आजही वाईट वाटतं.

खरी चूक गुंडाळण्यात होती. अंगठा आणि कोपर यांच्याभोवती सुंभ गुंडाळावा तशी मी केबल गुंडाळायची. असं केलं की प्रत्येक वेढ्याला एक पीळ बसतो, सगळे एकाच दिशेने. आतल्या तांब्याच्या बारीक तारा पिळवटतात आणि सोडताना केबल स्वतःभोवतीच फिरते. म्हणून आता एक वेढा सुलटा, एक उलटा. टोक डाव्या हातात धरायचं, उजव्या हाताने जेवणाच्या ताटाएवढा पहिला वेढा नेहमीसारखा घ्यायचा. दुसरा घेताना मनगट आत वळवायचं, म्हणजे केबल वेढ्याच्या आतल्या अंगाने येते आणि आधीचा पीळ सुटतो. पुढे असंच आलटून पालटून. दोन दिवस घरी सराव करा, मग हात आपोआप वळतो. सोडताना मात्र केबलचं टोक वेढ्यांच्या मधून ओढू नका, गाठींची माळच तयार होईल.

मोबाइलच्या छोट्या वायरीला एवढं नको. बशीएवढे सैल वेढे पुरे. पॉवर बँकेभोवती घट्ट आवळू नका. पिनेला लागून वायरीची मान असते, ती तिथेच मोडते.

बांधायला रबरबँड वापरू नये. आपल्या उकाड्यात तो चिकट होऊन वायरीलाच बसतो. वेल्क्रोची पट्टी घ्या आणि ती केबलच्या एका टोकाला कायमची अडकवून ठेवा, नाहीतर पट्ट्याच हरवतात. मिळाली नाही तर जुन्या सुती लुगड्याची चिंधी उत्तम.

त्याच लुगड्याच्या मी ३ पिशव्या शिवल्या आहेत. कुठली वायर कधी लागते, त्यावरून वाटणी: गाडीत लागणारं चार्जिंगचं सामान एका पिशवीत, ती बॅगेच्या वरच्या कप्प्यात. पोचल्याबरोबर लागणाऱ्या माइकच्या केबल दुसरीत. अडीअडचणीच्या जादा वायरी तिसरीत, तळाशी.

टाइप-सी वायरी दिसायला सारख्या, पण काहींतून नुसतं चार्जिंग होतं, फाइल जात नाही. साधी वायर ३ अँपिअरपर्यंतची असते. लॅपटॉपला ६० वॉटच्या वर हवं असेल तर ५ अँपिअरची घ्यावी लागते. फाइलवाल्या वायरीला मी लाल दोरा बांधते, लॅपटॉपच्या वायरीला पिवळा. दोन्ही टोकांना बांधते, कारण एक टोक बहुतेक वेळा कशामागे तरी गेलेलं असतं.

किनाऱ्याजवळच्या गावातून आलं की प्रत्येक पिन कोरड्या सुती कापडाने पुसायची. खाऱ्या दमट हवेने धातूवर हिरवट थर चढतो. पिशवी सादळली असेल तर वायरी आधी पंख्याखाली पसरा. पूर्ण कोरड्या झाल्यावरच आत ठेवा, सोबत नव्या चपलांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी.

पहाटे खेळ संपतो तेव्हा डोळ्यांवर झोप असते, म्हणून पिशवीच्या आतल्या बाजूला आकडा शिवून ठेवलाय. माइकच्या पिशवीवर ४: दोन केबल, हेडफोन, बोर्ड. निघण्याआधी हात घालून चार मोजते. बोर्ड सगळ्यात आधी उचलते, कारण मंडपवाल्याचाही तसाच पांढरा असतो आणि त्यांचा टेम्पो आमच्या एसटीच्या आधी सुटतो.