फोल्डर उघडताच अडकतोय? अख्खा कॉम्प्युटर बंद करू नका

विंडोजमध्ये फोल्डर उघडला, वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' आलं आणि माउसशेजारी निळं चक्र फिरत राहिलं, की बरेच जण थेट पॉवरचं बटण दाबून धरतात. कृपा करून तसं करू नका. दुसरीकडे उघडी असलेली, सेव्ह न केलेली कामं हकनाक जातात.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. यादीत 'विंडोज एक्सप्लोरर' (फोल्डर दाखवणारा प्रोग्रॅम) शोधा, राइट क्लिक करून 'रीस्टार्ट' म्हणा. खालचा टास्कबार क्षणभर गायब होतो, घाबरू नका, लगेच परत येतो. मात्र फाइल कॉपी होत असेल तर ती मध्येच तुटेल, एवढं ध्यानात ठेवा.

पुन्हा पुन्हा अडकत असेल तर स्टार्टमध्ये 'फाइल एक्सप्लोरर ऑप्शन्स' शोधा. 'जनरल'मध्ये खालच्या 'प्रायव्हसी' भागात 'क्लिअर' आहे, ते दाबा. आधी काय काय उघडलं त्याच्या जुन्या नोंदी पुसल्या जातात, फाइल्सना धक्का लागत नाही.

एकाच फोल्डरवर अडकत असेल, तर संशय आतल्या फाइलवर घ्या. माझ्याकडे लग्नाच्या व्हिडिओंच्या फोल्डरमध्ये एक फाइल अर्धवट कॉपी झालेली होती. तिचं छोटं चित्र बनवताना सगळं थिजायचं. त्याच ऑप्शन्समध्ये 'व्ह्यू'खाली 'ऑलवेज शो आयकॉन्स, नेव्हर थंबनेल्स'वर खूण केली, फोल्डर उघडला आणि ती फाइल काढून टाकली. बंद असलेला नेटवर्क ड्राइव्ह (नेटवर्कवरून जोडलेली दुसरीकडची साठवणीची जागा) यादीत तसाच जोडलेला राहिला असेल, तर तोही काढा.