आधी वजन, मग औषध: किडनीच्या पेशंटची चिठ्ठी लिहिताना

नव्यानं दवाखाना थाटलेल्या डॉक्टरांना मी कळकळीनं सांगते: नुसत्या क्रिएटिनिनवर (स्नायूंतून रक्तात येणारा, किडनीनं बाहेर टाकायचा कचरा) विसंबू नका, आधी पेशंटला काट्यावर उभं करा.

बारा वर्षांपूर्वी 75 वर्षांच्या एक आजी कमरेला नागीण उठली म्हणून आल्या. क्रिएटिनिन 1.4. थोडंसंच वाढलंय असं समजून मी असायक्लोव्हिर 800 मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा लिहून दिलं. तिसऱ्या दिवशी मुलगा धावत आला, "मॅडम, आई काहीबाही बडबडतेय, माणसं ओळखेना." तेव्हा कुठे मी वजन केलं. 42 किलो.

किडनी मिनिटाला किती रक्त साफ करते, याचं गणित सोपं आहे. 140 मधून वय वजा करा, वजनानं गुणा. 72 ला क्रिएटिनिननं गुणून त्यानं भागा. बाई असेल तर 0.85 नं गुणा. आजींचं उत्तर मिनिटाला 23 मिलिलिटर आलं. 10 ते 25 च्या मध्ये हेच औषध दर आठ तासांनी, म्हणजे तीनदाच द्यायचं असतं. अंगावर मांस नसलेल्या म्हाताऱ्या माणसात क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होतं, म्हणून रिपोर्ट बरा दिसतो. औषध थांबवल्यावर आजी सावरल्या. क्रिएटिनिन रोज वरखाली होत असेल तर मात्र हे गणित लावू नका.

डायबेटिसच्या मेटफॉर्मिनसाठी मी लॅबचा ईजीएफआर (क्रिएटिनिनवरून लॅबनं काढलेला किडनीच्या कामाचा अंदाज) बघते: 45 खाली दिवसाला 1000 मिलिग्रॅमच्या वर जात नाही, 30 खाली बंद. डायबेटिसचीच दुसरी गोळी ग्लिबेनक्लामाइड देतच नाही, शुगर फार खाली जाते. नागिणीच्या दुखण्यावर प्रीगाबालिन द्यायचं तर अगदी कमी डोसपासून. नाहीतर गुंगी येते, तोल जातो, पेशंट पडतो.

घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून आणायला सांगा. मेडिकलमधून परस्पर आणलेली दुखण्यावरची डायक्लोफिनॅक तिथेच सापडते. ब्लडप्रेशरची टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असताना ही तिसरी पडली की किडनी बसायला वेळ लागत नाही. गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल द्या.

टेल्मिसार्टन सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन, पोटॅशियम पुन्हा बघा. क्रिएटिनिन 30 टक्क्यांपर्यंत वाढलं म्हणून घाबरून लगेच बंद करू नका, किडनी जपणारं औषध आहे ते. जुलाब-उलट्या लागल्या तर मात्र ते, लघवीची गोळी आणि मेटफॉर्मिन, तिन्ही थांबवून मला फोन करायचा. हे मी चिठ्ठीच्या मागे मोठ्या अक्षरात लिहिते आणि सुनेला वाचून दाखवायला लावते.