हेपेटायटिस सीच्या गोळ्या घेताना या चुका टाळा

हेपेटायटिस सी, म्हणजे यकृताला सूज आणणारा विषाणू, मारणाऱ्या सोफोसबुव्हिर-व्हेलपाटासव्हिर या औषधाच्या एका बाटलीत 28 गोळ्या. रोज एक, तीन बाटल्या, 84 दिवस. फोंड्यात फार्मसी चालवताना हा हिशेब मी कितीदा सांगितला असेल! तरी लोक मध्येच थांबतात, आणि तेव्हा जीव तुटतो.

डिचोलीकडचे एक ट्रकचालक दादा पाच आठवड्यांनी म्हणाले, "भूक लागते, रक्तातलं एसजीपीटी नॉर्मल आलं, अजून गोळ्या कशाला?" चवथीला गावी गेले आणि उरलेल्या गोळ्या त्याच आजाराच्या मेहुण्याला दिल्या. दिवाळीनंतर दुसरी बाटली माझ्या काउंटरवर आली. दादांनी तिच्यातल्या सातच घेतल्या होत्या, बारा मेहुण्याने, नऊ तशाच. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, दोघांचंही भरपूर.

एसजीपीटी यकृताची सूज दाखवतं, विषाणू गेला की नाही ते नाही. हा विषाणू स्वतःच्या नकला काढताना चुका दुरुस्त करत नाही, त्यामुळे रक्तात रोज नवी रूपं तयार होतात. औषध अर्धवट पडलं की त्याला दाद न देणारी रूपं मागे उरतात आणि वाढतात. वाय93एच हा बदल त्यातलाच. आपल्या देशात जास्त आढळणाऱ्या जीनोटाइप 3 या विषाणूच्या प्रकारात तो फार छळतो आणि वर्षानुवर्षे टिकतो. दादांना पुढे याच गोळ्या रिबाव्हिरिन या जोडीच्या औषधासह 24 आठवडे घ्याव्या लागल्या. रिबाव्हिरिनने हिमोग्लोबिन इतकं उतरलं की जिना चढताना धाप लागायची.

दुसरी चूक ॲसिडिटीची गोळी. ओमेप्राझोल लोक चण्याफुटाण्यासारखं खातात. पोटातलं आम्ल कमी झालं की व्हेलपाटासव्हिर नीट शोषलं जात नाही. साधं अँटासिड असेल तर चार तासांचं अंतर ठेवा, ओमेप्राझोल मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. मी प्रत्येकाला घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणायला सांगतो. फिटची कार्बामाझेपिन, टीबीची रिफॅम्पिसिन, हृदयाची अमिओडॅरोन त्यातच सापडतात, आणि तिन्ही या औषधाशी जमत नाहीत.

काविळीचा झाडपाला सोबत नकोच. हेपेटायटिस बीची तपासणी आधी करून घ्या, कारण सी दबला की बी उसळू शकतो.

बाटलीच्या झाकणावर मी मार्करने सुरुवातीची आणि शेवटची तारीख लिहून देतो. गोळी दिवेलागणीला घ्यायची, तुळशीपुढे दिवा लावला की लगेच. पैशांसाठी थांबू नका, 2018 पासून सरकारच्या राष्ट्रीय हेपेटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषध मोफत आहे.

कोर्स संपल्यावर 12 आठवड्यांनी आरएनए तपासणी करा, ती रक्तात विषाणू उरलाय का ते सांगते. अँटिबॉडीची तपासणी नको, ती शरीराने विषाणूविरुद्ध बनवलेली प्रथिनं शोधते आणि बरं झाल्यावरही पॉझिटिव्हच येते.